तस्लीमच्या बाळाचं दूध

“ह्या बाटलीत किती बायकांचं दूध हाय?”

खिडकीच्या काचेखालच्या फटीतून म्हातारीनं हात आत घातला होता आणि माझ्यासमोरच्या बाटलीकडं बोट दाखवत होती.

“चौघींचं,” मी म्हणाले. “आजी, आधी हात बाहेर घ्या. इथं बाहेरच्यांनी हात लावायचा नसतो.”

“त्या चौघींची नावं काय?”

“नावं सांगत नसतो आम्ही.”

“मग माझ्या नातवाला ते नगं.”

माझं डोकंच फिरलं. तेव्हा मी त्या इस्पितळाच्या मिल्क बँकेत सिस्टर होते, नोकरीला वीस वर्षं झालेली. तोंड माझं आधीपासूनच फटकळ. म्हातारीचं नाव बानूबी मुजावर. सून तस्लीम, बाळंतपणात झटके येऊन बेशुद्ध पडलेली, आयसीयूमध्ये मशीनवर. मुलगा झाला तो दिवस भरायच्या दोन-सव्वादोन महिने आधी, नऊशे चाळीस ग्रॅमचा. वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलेला. आईला दूध येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि पावडरचं दूध एवढ्या कोवळ्या आतड्याला सोसत नाही, म्हणून बालरोगाच्या हुक्केरी डॉक्टरांनी बँकेचं दूध लिहून दिलं होतं.

“आजी, चौघींचं एकत्र करतो, तापवतो, तपासतो, मग देतो. सगळ्यांना हेच देतो. तुमच्यासाठी वेगळं काय करू?”

“एका बाईचं दे. नाव सांगून दे. आमच्यात एका बाईचं दूध प्यालेली पोरं सख्खी भावंडं हुतात. उद्या ह्यानं बहिणीसंगंच निकाह लावला तर कुणाला कळणार?”

“अहो, कालचं पोर ते! किलोभर वजन नाही धड, आणि तुम्ही निकाहाचं काय काढताय?”

बानूबीनं हात बाहेर घेतला. मग म्हणाली, “जगणार म्हणूनच काढतीया. जगणार नसता तर इचारलं असतं कशाला?”

मी बाटली परत ठेवली आणि हुक्केरी डॉक्टरांना फोन लावला.

ते समजूतदार माणूस. म्हणाले, “देणारी तयार असेल आणि दोन्हीकडच्या सह्या असतील तर एकटीचं दूध वेगळं ठेवा. बघा कुणी मिळतंय का.”

मला विचार करावाच लागला नाही. त्रिशला चौगुले. पाच महिन्यांची मुलगी काखेत घेऊन रोज दहाच्या ठोक्याला यायची, आणि भरपूर दूध असायचं तिला. बी. कॉम. झालेली, हसरी, जरा भाबडी. मी तिला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “मला काय अडचण? उलट बरंच. इतके दिवस दूध कुठं जातं तेच कळत नव्हतं.”

दोघींची गाठ मी बँकेतच घालून दिली. बानूबीनं तिला नाव विचारलं, वडलांचं नाव, माहेरचं गाव, पोरं किती ते विचारलं. बानूबीचा मुलगा इलाही यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर होता, तो शेजारी उभा राहून सगळं एका डायरीत लिहून घेत होता. मग बानूबीनं त्रिशलाच्या मुलीला, प्राचीला, मांडीवर घेतलं.

“ही त्याची बहीण. आणि तू आई. आता आमच्या पोराला दोन आया.”

त्रिशला हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “आम्ही तिघी बहिणीच, आजी. राखी बांधायला कुणी नव्हतं. माझ्या लेकीला तरी भाऊ मिळाला.”

सगळेच जरा गहिवरलेले. मला असलं वातावरण झेपत नाही, काहीतरी थट्टा केल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणाले, “चला, मग आता रीतसर वाटणी करून टाक. उजवी बाजू लेकीची, डावी लेकाची!”

बानूबी पदर तोंडाला लावून हसली. इलाही लाजून बाहेर गेला. त्रिशलाही खळखळून हसली.

त्या दिवसापासून तस्लीमच्या बाळाला त्रिशलाचं दूध सुरू झालं. सुरुवातीला दर दोन तासांनी एक मिली, नाकातल्या बारीक नळीतून. मग दोन, मग तीन. बाटल्यांवर मी स्वतः चिठ्ठी लावायचे: बाळ तस्लीम, दूध त्रिशला. लॅबचा रिपोर्ट यायला चार दिवस लागायचे, तोवर तिचं आधीचं तपासलेलं दूध वापरत होतो; रिपोर्ट आल्याशिवाय एकही बाटली वर जात नव्हती. बानूबी दिवसातून चार वेळा खिडकीशी यायची आणि बाटली निघाली की विचारायची, “त्रिशलाचंच न्हवं?”

“त्रिशलाचंच आजी. दुसऱ्या कुणाचं देऊ?”

“रागावू नगंस. इचारलं.”

आधी मला वैताग यायचा. पुढं पुढं तिला यायला उशीर झाला तर मीच मान वाकडी करून जिन्याकडं बघायला लागले.

आमच्याकडं दूध देणाऱ्या बाईला रोज पाच प्रश्न विचारायचे असतात. ताप आहे का, छातीत गाठ आहे का, दुखतंय का, लाली आहे का, काही औषध चालू आहे का. छापील फॉर्मच होता. पण रोज येणाऱ्या बायकांना कोण रोज रोज विचारत बसणार? मी सकाळी आल्या आल्या पाचही रकान्यांत ‘नाही’ लिहून ठेवायचे. वीस वर्षांच्या नोकरीत हात सरावलेला असतो. त्रिशलाच्या फॉर्मवरही मी नऊ दिवस ‘नाही’ लिहिलं.

नवव्या दिवशी ती आली ती ओढणी पुढं घट्ट लपेटून. पंपाशी बसली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला दिसला. मी म्हटलं झोप झाली नसेल, पाच महिन्यांचं पोर घरात म्हटल्यावर कुठली झोप. मी माझ्या बाटल्या धुवत होते. थोड्या वेळानं प्राची रडायला लागली, एकसारखी.

“काय झालं गं तिला? पाज की.”

“पाजायला घेतलं होतं. डावीकडं तोंडच लावत नाही. लावलं की थू करून मान फिरवते.” मग अगदी हळू म्हणाली, “सिस्टर, दूध खारट होतं का हो कधी?”

माझ्या हातातली बाटली सिंकमध्ये पडली. मी ओले हात तसेच पदराला पुसले, तिच्याजवळ गेले आणि ओढणी बाजूला केली. डावी बाजू लालभडक झाली होती. हात लावला तर चटका बसावा इतकी गरम, आणि आत लिंबाएवढी कडक गाठ. माझा हात लागताच ती कळवळली.

“कधीपासून?”

“झाले चार दिवस.”

“चार दिवस! आणि तोंडानं बोलली नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही दूध घेतलं नसतं.”

“नसतंच घेतलं! अगं पण झालंच कसं हे? इथं एकदा काढून जातेस, उरलेलं घरी लेकीला पाजून मोकळं करतेस ना?”

“घरी कसं पाजणार? ती बाजू त्याची.” माझ्याकडं तिनं असं बघितलं, जणू मीच काही विसरले होते. “प्राचीला मी उजवीकडंच घेते. डावी रात्रभर ठणकायची, भरून दगड व्हायची, तरी तशीच धरून ठेवायचे. तुम्हीच म्हणालात की वाटणी कर म्हणून.”

एका बाजूचं दूध चोवीस तास तुंबवून ठेवलं तर काय होतं हे मी हजार बायकांना सांगितलं असेल. सकाळ-संध्याकाळ सांगितलं असेल. आणि ह्या बाईला मी थट्टेत एक वाक्य बोलून गेले, ते तिनं देवाच्या समोर घेतलेल्या नेमासारखं पाळलं.

“आज काढलेलं तरी ठेवा,” ती म्हणाली. “तुम्ही तापवताच की. तापवल्यावर जंतू मरतात असं तुम्हीच सांगता.”

“जंतू मरतात गं. पण काही जंतू मरायच्या आधी दुधात विष सोडून जातात, ते आमच्या तापवण्यानं जात नाही. आणि सुजलेल्या छातीचं दूधच बदलतं. मीठ वाढतं, साखर उतरते. तुझी लेक उगाच थू करत नाही.”

“डॉक्टर तर म्हणतात, असं झालं तरी बाळाला पाजत राहायचं. माझ्या वहिनीला सांगितलं होतं.”

“खरंय ते. तुझ्या लेकीला तू खुशाल पाज, तिला काही होत नाही, उलट गाठ मोकळी होईल. सात किलोची आहे ती, तुझ्या अंगावर वाढलेली. तो एक किलोचाही नाही. त्याला नाही द्यायचं.”

“म्हणजे लेकीला चालतं आणि त्याला चालत नाही?”

“नाही चालत.”

तेव्हा ती रडायला लागली. रडण्याआधी तिनं प्राचीला खाली ठेवलं, हे मला अजून आठवतं.

दुपारी लॅबचा रिपोर्ट आला. चार दिवसांपूर्वीच्या दुधातसुद्धा जंतू निघाले होते. एवढं बरं की ते दूध अजून वर गेलं नव्हतं. बाळानं प्यालेला थेंब न् थेंब रिपोर्ट बघून दिलेला होता. त्रिशलाच्या दुधानं त्याचं काहीही वाईट झालं नाही, हे मी आज कुणासमोरही छातीवर हात ठेवून सांगेन. पण फ्रीजमधल्या तिच्या सहा बाटल्या मला मोरीत ओताव्या लागल्या. तिच्या देखत ओतल्या. वर फक्त एक जुनी बाटली उरली, तीही चार वाजेपर्यंत पुरेल एवढीच.

त्रिशलाला औषध लिहून घ्यायला पाठवलं आणि मी फ्रीज उघडून उभी राहिले. आत चौघींचं एकत्र केलेलं दूध होतं, तापवलेलं, तपासलेलं, उत्तम. हुक्केरी डॉक्टर तीन दिवस परगावी होते. दुसरी कुणी एकटी देणारी शोधायची, तिचं रक्त तपासायचं, दूध तपासायचं, म्हणजे चार-पाच दिवस गेले. तोपर्यंत पोरानं काय करायचं? बानूबीला विचारलं तर ती नाही म्हणणार, हे मी धरूनच चालले होते.

हे झालं कारण. पण पूर्ण खरं सांगायचं तर दुसरंही होतं. बानूबीला सांगायचं म्हणजे त्रिशलाला गाठ कशी झाली ते सांगावं लागलं असतं. वाटणी कुणी सांगितली, पाच रकान्यांत न विचारता ‘नाही’ कुणी लिहिलं, तेही. माझी हिंमत झाली नाही.

मी त्या चौघींच्या दुधाची बाटली काढली आणि तिच्यावर चिठ्ठी लावली. बाळ तस्लीम, दूध त्रिशला.

बाटली घेऊन बाहेर पडले. बानूबी विचारणार होती. मी उत्तर घोळवूनच ठेवलं होतं. पण खिडकीशी कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही ती आली नाही. तिसऱ्या दिवशी इलाही जिन्यात भेटला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं केलं, “अम्मा दिसल्या नाहीत?”

“वरच बसत्यात सिस्टर. गुडघं लई दुखत्यात म्हणत्यात.”

बरं झालं, असं वाटलं मला. खरंच वाटलं. म्हातारीचा आता माझ्यावर विश्वास बसलाय, रोज विचारायची गरज वाटत नाही, असंही मी मनाशी म्हटलं आणि त्यात मला थोडा मोठेपणाही वाटला.

पोर सुधारत होतं. सहा-सात-आठ मिली पचवत होतं. बाराव्या दिवशी काट्यानं एक किलो दाखवला, तर वरच्या सिस्टरनी टाळ्या वाजवल्या आणि इलाहीनं सगळ्या मजल्याला पेढे वाटले. मला पेढा देताना म्हणाला, “त्रिशलाताईंना बी द्या. त्यांच्यामुळंच.” मी तो पेढा कागदात बांधून ठेवला. त्रिशला गाठ दाखवायला आली तेव्हा तिला दिला. तिनं विचारलं, “आता कुणाचं पितो तो?”

“तू औषध वेळेवर घे. बाकीचं माझ्याकडं सोड.”

तिनं पेढा खाल्ला नाही, परत कागदात गुंडाळला.

पंधराव्या दिवशी पहाटे बाळाच्या फुफ्फुसात रक्त उतरलं. एवढ्या लवकर आलेल्या बाळांचं असं होतं. सगळं नीट चाललेलं असतं आणि काही तासांत संपतं. हुक्केरी डॉक्टर परत आलेले होते, त्यांनी हात टेकले नाहीत, पण साडेनऊला सगळं थांबलं. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, बाटलीपासून चिठ्ठीपर्यंत, आणि विचारलं, “दुधामुळं झालं का?” ते म्हणाले, “नाही सिस्टर. दुधामुळं तो पंधरा दिवस काढू शकला.” माझ्या चिठ्ठीबद्दल पुढं मला मेमो मिळाला आणि तो मिळायलाच पाहिजे होता.

खाली बँकेत येऊन बसले. दूध तापवायचं मशीन लावायचंही सुचत नव्हतं. इलाही वर कागदपत्रं पुरी करत होता. दुपारच्या आत पोराला घेऊन जायचं होतं. आणि तेव्हा बानूबी खिडकीशी आली. सहा दिवसांनी.

“सिस्टर, एक इचारायचं हाय.”

मी उठून उभी राहिले. ती विचारणार, आणि मी ‘त्रिशलाचंच’ म्हणणार. निदान म्हातारीच्या मनाला तेवढा तरी आधार राहू दे, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

“बाकीच्या कोण हुत्या?”

“कुठल्या बाकीच्या?”

“ज्यांचं दूध ह्या सहा दिसांत पाजलंस त्या.”

मी काचेच्या अगदी जवळ गेले.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“त्रिशलानं. त्याच दिवशी. जिन्यात बसून रडत हुती बिचारी. माझ्या पायावर डोकं ठेवाय लागली, आजी माझं दूध नासलं म्हणून. मीच तिला उठवली.”

“मग तुम्ही मला अडवलं का नाही?”

बानूबीनं डोळे पुसले नाहीत. पाणी आपसूक गालावरनं वाहत होतं. “तू मला इचारलं असतंस तर मला न्हाई म्हणावं लागलं असतं. घरातल्या थोरल्या दिराला शब्द दिल्याला मी, नाव ठावं असल्याबिगर कुणाचं दूध पाजणार न्हाई म्हणून. आणि पोराला तर भूक लागल्याली. मग म्हटलं, खिडकीकडं जायाचंच न्हाई. तू खोटं बोललीस तरी ऐकाय नगं, खरं बोललीस तरी नगं.”

मी रडायला लागले. वीस वर्षांत मी त्या खिडकीत कधी रडले नव्हते.

“चुकलं माझं आजी. सगळं माझ्यामुळं झालं. त्रिशलाला मीच…”

“ते ऱ्हाऊ दे. नावं सांग.”

“आता कशाला नावं? आता कुठं त्याचा निकाह…” पुढं मला बोलवेना.

“निकाहासाठी न्हाई, बाई,” ती म्हणाली. “त्या आया हाईत त्याच्या. पोरगं गेलं, ते आईला सांगाय नगं?”

नियम असा आहे की नाव सांगायचं नाही. मी ती एकत्र केलेल्या दुधाची वही काढली, नंबर बघितले, आणि चारही नावं सांगितली, गल्लीसकट. वैजयंता कोरवी. रोहिणी तेली. ज्योत्स्ना बरगाले. शमीम नदाफ. बानूबीला लिहिता येत नव्हतं. ती एकेक नाव तोंडातल्या तोंडात म्हणत गेली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, कुठं अडलं तर मी सांगितलं. चारही पाठ झाल्यावर मान हलवली आणि इलाहीच्या मागून गेली.

दोन दिवसांनी वैजयंता आली. आमच्या बायकांतली सगळ्यात बोलकी तीच. आली की बँक गाजवायची, नवऱ्याच्या नकला करायची. त्या दिवशी ती पंपाशी बसली आणि पंप हातात घेतलाच नाही.

“सिस्टर, काल आमच्या घरी एक म्हातारी आली होती.”

“हं.”

“दारातनंच म्हणाली, बेटी, तुझं पोरगं गेलं. मी घाबरले ओ. आत पळत गेले तर माझा पाळण्यात झोपलेला. मग तिनं सांगितलं. माझा हात धरून बसली. चहा नको म्हणाली, पाणी पण घेतलं नाही. आणखी दोघींकडं जायचंय म्हणाली.” वैजयंता मांडीवरच्या हातांकडं बघत होती. “मला वाटायचं, बाटली जाते कुठंतरी फ्रीजमध्ये. कुणाच्या पोटात जाते, असं कधी मनातच आलं नाही.”

मी उठून बँकेचं दार लोटून घेतलं.

“नाव काय होतं त्याचं?”

“ठेवलं नव्हतं,” मी म्हणाले. “आई शुद्धीवर आली की तिच्या मनानं ठेवायचं होतं.”

“आली का शुद्धीवर?”

“अजून नाही.”

वैजयंतानं पदर तोंडाला लावला आणि हुंदका फुटला तिला. आणि रडू आलं तसं दोन्ही बाजूंनी दूध सुटलं, पोलकं भिजलं, मांडीवर थेंब पडायला लागले. एरवी मी धावत बाटली धरली असती. एक थेंब वाया जाऊ दिला नसता. त्या दिवशी मी बाटली धरली नाही. तिच्याशेजारी बसून राहिले.